कढईचं कुलूप

दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये साबणाचा कारखाना चालवणाऱ्याला आपल्याच कढईचं झाकण आपल्या मर्जीनं उघडता येत नसे. काम थांबलं की सरकारचा माणूस येई, झाकणाला कुलूप घाली आणि किल्ली घेऊन जाई. पुढचा घाणा चढवायचा तर त्याला आधी कळवायचं, तो आला की कुलूप निघायचं, आणि तयार साबणाचं वजन त्याच्या वहीत चढायचं. १८१६ मध्ये या साबणावर पौंडामागे तीन पेन्स कर होता. तो पहिल्यांदा बसला १७१२ मध्ये आणि उठला १८५३ मध्ये. म्हणजे एकशे एक्केचाळीस वर्षं त्या देशात अंग धुण्यावर कर होता, असं म्हटलं तरी चालेल.

देशाच्या वेशीवर घेतात ती जकात. देशातच तयार होणाऱ्या मालावर घेतात ते उत्पादन शुल्क, म्हणजे एक्साइज. आपण त्याला अबकारी म्हणतो आणि लगेच डोळ्यांपुढे दारूचं दुकान येतं, कारण आपल्याकडे त्या फारसी शब्दाचा संबंध मद्याशीच राहिला. इंग्लंडात त्याच्या पोटात काय काय होतं! बिअर, मीठ, चरबीच्या मेणबत्त्या, कातडं, साबण, कागद, छापील कापड, काच, विटा. जकातवाला बंदरात बसून राहतो, माल त्याच्याकडे चालत येतो. एक्साइजवाल्याला मालाकडे जावं लागतं, आणि माल असतो कुणाच्या तरी परसात, तळघरात, चुलीवर. या कराविरुद्ध तीन शतकं जी बोंबाबोंब झाली तिचं मूळ मला या एवढ्याशा फरकात दिसतं. पैशाची तक्रार होतीच. पण खरी ठिणगी पडायची ती दारात. सरकार कुणाच्या घरात शिरतं आणि कुणाच्या दारावरून मुकाट पुढे जातं, यावर सगळं ठरायचं.

इंग्लंडात हा कर आणला तोही राजानं नव्हे, राजाशी लढणाऱ्या पार्लमेंटनं. २२ जुलै १६४३ चा तो हुकूम. पहिल्या चार्ल्सविरुद्धच्या फौजेला पगार द्यायचा होता, आणि जॉन पिम या पुढाऱ्यानं डच लोकांकडचा नमुना उचलला. लढाई संपेपर्यंतचाच हा कर, असं सांगितलं गेलं. तात्पुरता हा शब्द करांच्या इतिहासात किती वेळा आला आणि किती वेळा खरा ठरला, हे वाचकांना सांगायला नको. १६४४ मध्ये मांस आणि मीठही यादीत आलं. फेब्रुवारी १६४७ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड या गुरांच्या बाजारात एका गिऱ्हाइकानं विकत घेतलेल्या बैलावरचा कर द्यायला नकार दिला, बाचाबाची झाली आणि जमावानं तिथली एक्साइजची कचेरी जाळून टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये मांस आणि देशी मीठ करातून सुटलं. बिअर मात्र अडकली ती अडकलीच.

नंतर १६६० मध्ये राजेशाही परत आली तेव्हा एक सौदा झाला. जमीनदारांना राजाला जे जुने सरंजामी हक्क द्यावे लागत, ते रद्द करायचे होते. राजाचं नुकसान भरून कुठून काढायचं? बिअरवरच्या करातून. म्हणजे जमीनदारांच्या डोक्यावरची पाटी उतरली आणि गुत्त्यात बसून घोटभर पिणाऱ्याच्या डोक्यावर गेली. त्यातही मेख होती. विक्रीसाठी बनवलेल्या बिअरवर कर, घरच्यापुरती घरीच बनवली तर नाही. घरी बिअर बनवायला जागा, भांडी, जव आणि नोकरचाकर लागतात. ते ज्याच्याकडे होते तो सुटला. एका खोलीत राहणारा विणकर रोजची बिअर विकत आणायचा, म्हणून त्यानं कर भरला. तेव्हाची हलकी बिअर ही चैन नव्हती, जेवणाबरोबरचं रोजचं पेय होतं, हे लक्षात घेतलं की या सवलतीचं वजन कळतं.

अठराव्या शतकात इंग्लंड सारखं लढत होतं, आणि लढायला पैसा लागतो. जमिनीवरचा कर वाढवावा तर तो पार्लमेंटमधल्याच जमीनदारांच्या खिशाला लागणार. एक्साइजचं तसं नव्हतं. तो भरायचा उत्पादकानं, आणि किमतीत मिसळून जायचा गिऱ्हाइकाकडे, एकेका पेनीनं. शतकाच्या अखेरीस या खात्यात सुमारे पाच हजार माणसं होती. बाकीची सरकारी नोकरी वशिल्यानं मिळण्याच्या काळात इथे गणित यावं लागे, मोजमापाची परीक्षा द्यावी लागे. हातात मोजकाठी, कोटाला टांगलेली दौत आणि काखेत वही, असा हा गडी दिवसभर पायी किंवा घोड्यावर फिरे. गावकऱ्यांशी फार सलगी होऊ नये म्हणून त्याची बदली होई. कर देणाऱ्यांनी त्याला जितके शिव्याशाप दिले तितके बहुधा कुठल्याही सरकारी नोकराला मिळाले नसतील.

आणि तरी या नोकरीत कोण होतं पाहा. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा आणि माणसाच्या हक्कांचा डंका पिटणारा टॉमस पेन हा ल्यूइस गावात एक्साइजचा नोकर होता. वर्षाला पन्नास पौंडांत आपली माणसं जगणार कशी, असं विचारणारं पत्रक त्यानं १७७२ मध्ये लिहिलं. दोन वर्षांनी नोकरी गेली. स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स १७८९ पासून याच खात्यात होता, आणि सैतान येऊन एक्साइजवाल्याला घेऊन गेला याचा आनंद मानणारं गाणंही त्यानंच रचलं. कर वसूल करणारा आणि कराला शिव्या देणारा एकाच कोटात, हे दृश्य मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात मानवी वाटतं.

शिव्या देण्यात कोशकारही मागे नव्हता. १७५५ च्या आपल्या शब्दकोशात सॅम्युअल जॉन्सननं एक्साइजचा अर्थ देताना त्याला तिरस्करणीय कर म्हटलं आणि तो ठरवणारे लोक भाडोत्री नीच आहेत असं लिहून टाकलं. खात्याचे आयुक्त चिडले. ही बदनामी होते का, असं त्यांनी सरकारी वकिलाला विचारलं. होते, पण आधी त्याला शब्द बदलायची संधी द्या, असा सल्ला मिळाला. खटला झाला नाही, जॉन्सननं शब्दही बदलले नाहीत.

या वादाचा कळस मात्र त्याआधी, १७३३ मध्ये झाला होता. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलला जमीनकर पौंडामागे एका शिलिंगावर ठेवायचा होता. त्यासाठी आदल्याच वर्षी त्यानं, दोन वर्षांपूर्वी उठवलेला मिठावरचा कर पुन्हा बसवला होता. आता त्याला तंबाखू आणि वाइन घ्यायची होती. दोन्ही परदेशी माल, दोन्हींवर जकात होतीच. पण बंदरात चोरी फार चाले. परदेशी पाठवतो असं दाखवून तंबाखूवरची जकात परत घ्यायची आणि तोच माल रात्री किनाऱ्याला उतरवायचा, हा धंदा जोरात होता. वॉलपोल म्हणाला, माल वखारीत ठेवा, बंदरात नाममात्र भरा, आणि तो देशात विकायला बाहेर काढाल तेव्हा एक्साइज द्या. हिशेबाच्या दृष्टीनं योजनेत काही खोट नव्हती.

लोकांनी हिशेब पाहिलाच नाही. वखार आली की तपासनीस आला, दुकानात आला, उद्या घरात येणार. त्यात या खटल्यांना ज्युरी नसे. आयुक्तांनी किंवा गावच्या न्यायाधीशांनी निकाल द्यायचा. ‘क्राफ्ट्समन’ या विरोधकांच्या पत्रानं रान उठवलं: आज तंबाखू, उद्या भाकरी. चित्रांत एक्साइज नावाचा अनेक तोंडांचा राक्षस वॉलपोलची गाडी ओढताना दिसू लागला. चौपन्न मतदारसंघांनी आपापल्या सभासदांना विरोध करायला लेखी बजावलं. रस्त्यात घोषणा होती ती गुलामी नको, एक्साइज नको आणि लाकडी जोडे नकोत अशी. लाकडी जोडे म्हणजे फ्रान्सचा कंगाल शेतकरी. आपलं तसं होईल, ही धास्ती. मार्चमध्ये वॉलपोलला एकसष्ट मतांचं आधिक्य होतं, एप्रिलच्या एका मतदानात ते सतरावर आलं. ११ एप्रिलला त्यानं माघार घेतली. लंडनमध्ये घंटा वाजल्या, होळ्या पेटल्या, आणि त्यात वॉलपोलबरोबर कॅरोलाइन राणीचाही पुतळा जळला.

मला विचाराल तर वॉलपोलचं गणित बरोबर होतं आणि लोकांचा संशयही बरोबर होता. मिठावरचा कर ज्यानं नुकताच परत आणला तो माणूस भाकरीला हात लावणार नाही, यावर कुणी का विश्वास ठेवावा? पण आरड्याओरड्यात लंडनच्या मोठ्या व्यापाऱ्यांचा आणि तंबाखूचोरांचा आवाज किती आणि गरिबाचा किती, हेही पाहायला हवं. पन्नासेक वर्षांनी पंतप्रधान धाकट्या पिटनं वाइन १७८६ मध्ये आणि तंबाखू १७८९ मध्ये एक्साइजखाली आणली. पुतळे जळले नाहीत.

स्कॉटलंडात प्रकरण रक्तापर्यंत गेलं. १७२५ मध्ये तिथल्या माल्टवर, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या जवावर, बुशेलमागे तीन पेन्स बसले. एडिंबरामधल्या बिअर बनवणाऱ्यांनी भट्ट्या बंद ठेवल्या. ग्लासगोत जमावानं डॅनिएल कॅम्बेल या खासदाराचं घर फोडलं, कारण त्यानं कराच्या बाजूनं मत दिलं असा समज होता. सैन्यानं गोळ्या झाडल्या, माणसं मेली. मग नुकसानभरपाई कुणाला मिळाली? कॅम्बेलला, ग्लासगो शहराकडून. त्या पैशाच्या जोरावर त्यानं आयला नावाचं बेट विकत घेतलं. आज ते बेट व्हिस्कीसाठी जगात ओळखलं जातं.

दाराचा मुद्दा सर्वात स्वच्छ दिसतो तो १७६३ च्या सायडर प्रकरणात. सप्तवार्षिक युद्धाचं कर्ज फेडायला सफरचंदाच्या या मद्यावर हॉग्सहेडमागे, म्हणजे मोठ्या पिंपामागे, चार शिलिंग बसवले गेले. भरायचे बनवणाऱ्यानं. हेरफर्डशर, डेव्हन या पश्चिमेकडच्या भागांत प्रत्येक मळेवाला सायडर बनवायचा, अगदी उमराव सुद्धा. बिअरला होती तशी घरगुती बनावटीला सरसकट माफी इथे नव्हती. मग मात्र घर हा माणसाचा किल्ला असतो, याची सर्वांना आठवण झाली. गरिबाच्या मोडक्या झोपडीत वारा शिरेल, पाऊस शिरेल, पण इंग्लंडच्या राजाला शिरता येणार नाही, अशा अर्थाचं थोरल्या पिटचं प्रसिद्ध भाषण या वादातलं म्हणून सांगितलं जातं. तीन वर्षांत, १७६६ मध्ये, तो कर मागे घेतला गेला. बिअर विकत घेणारा मजूर तोवर सव्वाशे वर्षं कर भरत होता. भाषणातली झोपडी त्याची होती, सुटका झाली ती सफरचंदाच्या बागावाल्याची.

लहान वस्तूंवर फारसं रण माजलं नाही, पण त्यांनी माणसं वाकवली. चरबीच्या मेणबत्त्यांवर कर आल्यापासून त्या परवान्याशिवाय घरी करायला बंदी होती. गरिबांनी लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवून दिवे लावले, कारण तेवढे माफ होते. विटांवर १७८४ मध्ये हजारी कर बसला, म्हणताच मीशम गावच्या जोसेफ विल्क्सनं दुपटीच्या विटा पाडल्या. सरकारनं मग मोठ्या विटांवर दुप्पट कर लावला. त्या जाड विटांची घरं मीशममध्ये अजून आहेत.

अर्थशास्त्राच्या बाजूनं हा प्रश्न ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये नीट मांडला. मीठ, कातडं, साबण, मेणबत्त्या या चार वस्तू गरजेच्या, त्यांवरचा कर शेवटी मजुरीत चढतो आणि सगळ्यांनाच भोवतो, असं त्याचं म्हणणं. तंबाखू, मद्य यांवर कर घ्यायला त्याची ना नव्हती. दोनच वर्षांनी स्मिथसाहेब स्वतः स्कॉटलंडच्या जकातखात्याचे आयुक्त झाले.

इंग्लंडबाहेर पाहावं तर मासल्यांना तोटा नाही. नेपल्समध्ये जुलै १६४७ मध्ये फळांवरच्या करानं मासानिएलो नावाचा कोळी दहा दिवसांसाठी शहराचा धनी झाला आणि मारला गेला. मॉस्कोत १६४८ मध्ये मिठाच्या करावरून दंगल झाली, तीही कर मागे घेतल्यानंतर, कारण बुडालेली वसुली दुसऱ्या वाटेनं चालू होती. अमेरिकेत १७९४ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडचे शेतकरी व्हिस्कीवरच्या करावरून बंदुका घेऊन उठले, आणि कराविरुद्धच्या बंडातून जन्मलेल्या देशाचा अध्यक्ष वॉशिंग्टन तेरा हजारांच्या आसपास शिबंदी जमवून त्यांच्यावर निघाला.

फ्रान्सच्या ‘गाबेल’वर, म्हणजे मिठावरच्या करावर, मात्र थांबायला हवं. तिथे मीठ विकण्याचा मक्ता होता, आणि मोठ्या गाबेलच्या प्रांतांत प्रत्येक कुटुंबानं ठरावीक मीठ घेतलंच पाहिजे अशी सक्ती. लागो न लागो. ब्रिटनी प्रांत करमुक्त. तिथल्या आणि शेजारच्या प्रांतातल्या भावात वीसपटीहून जास्त तफावत. साहजिकच मिठाची चोरटी ने-आण हा सरहद्दीवरचा घरोघरचा धंदा झाला. बायका पोलक्यात लपवून मीठ नेत, लोक शिकवलेल्या कुत्र्यांच्या पाठीवर पिशव्या बांधून सोडत. पकडलेल्यांची रवानगी गलबतांवर वल्ही मारायला होई. उमराव आणि धर्मगुरू यांतले बरेच जण सुटलेले. क्रांतीनंतर १७९० मध्ये गाबेल गेली, १८०६ मध्ये नेपोलियननं मिठावर कर पुन्हा बसवला.

इंग्लंडात हे कर गेले ते दंगलींनी नव्हे, हे मान्य करायला हवं. नेपोलियनशी लढताना मिठावर बुशेलला पंधरा शिलिंग झाले होते, ते १८२५ मध्ये शून्यावर आले. मेणबत्त्या १८३१, काच १८४५, विटा १८५०, साबण १८५३. मधे १८४२ मध्ये पंतप्रधान पीलनं आयकर परत आणला होता, म्हणून हे परवडलं. शेवटचा कागद. कागदावरचा कर म्हणजे ज्ञानावरचा कर, ही मोहीम स्वस्त वर्तमानपत्रं मागणाऱ्यांनी वर्षानुवर्षं चालवली. १८६० मध्ये लॉर्ड्स सभेनं तो उठवायला नकार दिला, तेव्हा अर्थमंत्री ग्लॅडस्टननं पुढच्या वर्षी सगळे कर एकाच विधेयकात बांधून पाठवले. घ्या तर सगळं, नाही तर काहीच नाही. लॉर्ड्सनी घेतलं.

आता जरा तारखा जुळवा. इंग्लंडात मिठावरचा कर उठला १८२५ मध्ये. मुंबई इलाख्यात मणाला आठ आण्यांचा कर कायद्यानं बसला १८३७ मध्ये. १८४४ मध्ये तो एकदम रुपया झाला, सुरतेत दंगल झाली आणि सरकारनं बारा आण्यांवर तडजोड केली. १८७७ मध्ये अडीच रुपये. मध्ये दोनावर आला, १८८८ मध्ये परत अडीच. मीठ पिकवायचा खर्च याच्यापुढे काहीच नव्हता. उत्तरेत मिठाची चोरी अडवायला सिंधूपासून पार महानदीकडे काटेरी कुंपणांची आणि चौक्यांची ओळ होती. तिच्यावर बारा हजारांवर माणसं राबत होती, ती १८७९ मध्ये मोडली. गोव्याचं स्वस्त मीठ आड येत होतं, म्हणून १८७८ मध्ये पोर्तुगालशी तह करून गोव्याची मिठागरंच इंग्रजांनी आपल्या अमलाखाली घेतली. बदल्यात वर्षाला चार लाख रुपये. १८९२ पर्यंत गोवेकरांनी आपल्याच आगरातलं मीठ इंग्रजी भावानं खाल्लं. इंग्लंडात घरची बिअर माफ होती. इथे समुद्राकाठच्या आगऱ्याला घरच्यापुरतं मीठ खरवडणं गुन्हा होता. याच १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्या-विकण्यावरही कायद्यानं निर्बंध आले. कातकऱ्याच्या झोपडीत फुलं वाळत पडली असली तरी ती सरकारच्या नजरेत भट्टीच होती.

कापडाची गोष्ट मुंबईत अधिक ठसठशीत. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरणीवाल्यांना भारतात आपल्या मालावर जकात नको होती. सरकारला पैसा हवा होता. तोड निघाली ती अशी: १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात, आणि बरोबरी व्हावी म्हणून भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के एक्साइज. इथे संरक्षण सोडाच, उलटा भार. टिळकांच्या ‘केसरी’नं यावर कोरडे ओढले आणि त्या वर्षी परदेशी कापडावर बहिष्काराची भाषा पुण्या-मुंबईत ऐकू येऊ लागली. १९२५ मध्ये गिरणीमालकांनी मजुरी साडेअकरा टक्के कापली. दीड लाखांच्या घरातले कामगार सप्टेंबरपासून संपावर गेले. डिसेंबरमध्ये एक्साइज स्थगित झाली, कपात मागे गेली, गिरण्या सुरू झाल्या. मालकांना जे तीस वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनी मिळालं नाही ते कामगारांच्या उपासमारीनं मिळालं, हे बोलायला हरकत नसावी.

मिठाचा पुढचा इतिहास शाळेत शिकवतात. पण दांडीआधी अठ्ठावीस वर्षं, १९०२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अंदाजपत्रकावरच्या भाषणात दुष्काळाच्या देशात सरकारकडे शिल्लक पडतेच कशी, असं विचारून मिठावरच्या करावर बोट ठेवलं होतं. १९०३ मध्ये कर दोन रुपये झाला, १९०७ पर्यंत रुपयावर आला. तेवढ्यानंच मिठाचा खप वाढला, म्हणजे तोवर लोक अळणी खात होते. १९३० मध्ये शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मिठागरांत शिरून लाठ्या खाल्ल्या. दारात शिरण्याची पाळी या वेळी लोकांची होती. १ एप्रिल १९४७ पासून मिठावरचा कर उठला.

एवढ्यावर गोष्ट गोड होऊन संपली असती. पण १९५४ मध्ये राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिठावरचा कर पुन्हा बसवा, अशी सूचना केली. कर हलका आहे, कुणाला जाणवणार नाही, आणि त्यातून वर्षाला सुमारे दहा कोटी मिळतील. ते गांधींच्या नावानं निधी काढून अस्पृश्यांना जमिनीवर वसवण्यासाठी खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. तीनशे वर्षांच्या या वादात मिठावरच्या कराच्या बाजूनं केलेला इतका बिनतोड युक्तिवाद माझ्या वाचनात दुसरा नाही. सूचना तशीच पडून राहिली.